कोर्ट फीला पैसे नव्हते, काम असं झालं

ठेकेदाराकडे अडकलेल्या पैशांसाठी दावा टाकायचा होता पण कोर्ट फीचा आकडा ऐकूनच मी कळव्याला घरी परत आलो, रिक्षाच्या हप्त्यातच सगळं जातं हो. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा. वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो आणि कोर्ट फीचंही तेच बघतात, बायकांना तर उत्पन्नाची अटच नाही, हे खूप जणींना माहीतच नसतं! उत्पन्नाचा दाखला काढला तर त्यात वडिलांच्या नावात 'दत्तू'चं 'दत्ता' झालेलं, परत हेलपाटा, दिवसाचा धंदा बुडाला. दुरुस्त दाखला, आधार, दाव्याचे कागद जोडून अर्ज दिला आणि मंजूर झाला. पोच मात्र मागून घ्या. काही अडलं तर 15100 या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावा.