सर्किट कोडमध्ये लिहून बोर्डापर्यंत कसं न्यावं

सर्किट कोडमध्ये लिहिणं चांगलं की चित्रात काढणं, हा वाद घालण्यात वेळ घालवू नका. समोरचं सर्किट बघा आणि ठरवा. ऑप-अ‍ॅम्प, फीडबॅक, फिल्टर असं काही असेल तर स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचं चित्र काढा. फीडबॅकचा फेरा डोळ्यांना चित्रात एका नजरेत दिसतो, कोडच्या ओळींमध्ये तो शोधावा लागतो. एकसारखे आठ-सोळा चॅनेल किंवा शंभर पायांचा कनेक्टर असेल तर कोड लिहा. तिथे हाताने चित्र चिकटवत बसलात की एखादी तार हमखास चुकते. कोड म्हणजे काही नवं फॅडही नाही. १९७३ साली बर्कलीत तयार झालेल्या स्पाइस या सर्किट सिम्युलेटरला सर्किट मजकुरातच द्यावं लागायचं: कोणता भाग, कोणत्या नोडांमध्ये (जोडबिंदूंमध्ये), किती व्हॅल्यूचा.

मी सर्किट लिहायला पायथनमधली स्किडल ही लायब्ररी वापरतो आणि बोर्ड कायकॅड या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. आधी सगळ्या नेटना (पिनांमधल्या जोडण्यांना) नावं द्या, मग एका चॅनेलचं फंक्शन लिहा, मग लूप. पिन क्रमांक डेटाशीटशी ताडून पाहा: बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही ट्रान्झिस्टर टीओ-९२ या पॅकेजमध्ये मिळतात, पण कलेक्टर आणि एमिटर यांच्या जागा उलट असतात.

आता खरी अवघड जागा: रेफरन्स, म्हणजे प्रत्येक भागाचं नाव. तुम्ही काही सांगितलं नाही तर आर१, आर२, सी१, सी२ हे क्रमांक साधन स्वतः देतं, आणि ते कोडमधल्या क्रमाने. बरेच जण सांगतात, ‘राहू द्या, आपोआप होतं.’ हा सल्ला ऐकू नका. मी ऐकला होता. बोर्ड पूर्ण झाल्यावर कोडच्या सुरुवातीला एक कपॅसिटर वाढवला आणि नेटलिस्ट (भाग आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) बोर्डात पुन्हा आयात केली. कोडमधले आणि बोर्डावरचे भाग यांची जुळवणी रेफरन्सवरून होत होती. कोडमधला प्रत्येक कपॅसिटर एका क्रमांकाने पुढे सरकला, बोर्डावरचे फूटप्रिंट (भाग बसायच्या जागा) मात्र जुन्या नावांनिशी जागच्या जागी राहिले. रेग्युलेटरच्या आउटपुटला १० मायक्रोफॅरड हवा होता, तिथे १०० नॅनोफॅरड आला.

डीआरसीने (बोर्डाच्या नियमांच्या आपोआप तपासणीने) हे पकडलं नाही, आणि पकडणं शक्यच नव्हतं. दोन्ही कपॅसिटर त्याच सप्लाय आणि ग्राउंडमध्ये, दोन्हींचा फूटप्रिंट एकाच आकाराचा, ०८०५. जोडणीच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. नेटलिस्टला कोण कोणाला जोडलंय एवढंच कळतं, कोण कोणाजवळ बसायला हवं ते कळत नाही. बोर्ड बनून आले, भाग बसवले, रेग्युलेटर अस्थिर झाला आणि दोन दिवस मी सोल्डरिंगमध्ये दोष शोधत राहिलो.

म्हणून प्रत्येक भागाला रेफरन्स स्वतः द्या, तोही पहिल्याच दिवशी. माझी पद्धत अशी: तिसऱ्या चॅनेलचे रेझिस्टर आर३०१ पासून, चौथ्याचे आर४०१ पासून, सप्लायचं सगळं ९०० च्या पुढे. फंक्शनला चॅनेलचा क्रमांक द्यायचा आणि त्यावरून नाव बनवायचं, एका ओळीचं काम आहे. नवा भाग आला तर त्याला पुढचा रिकामा क्रमांक. काढून टाकलेल्या भागाचा क्रमांक पुन्हा वापरू नका. यादीत खड्डे पडले तर पडू द्या. हातात प्रोब धरून बोर्ड तपासताना आर३०२ दिसला की तो कुठल्या चॅनेलचा हे शोधावं लागत नाही, हा फायदा वेगळाच.

मग ईआरसी (जोडण्यांची आपोआप तपासणी) चालवा, नेटलिस्ट काढा, आयात करा.

पुढच्या प्रत्येक आयातीआधी बोर्डाची फाइल कमिट करा (म्हणजे तिची आत्ताची आवृत्ती जपून ठेवा) आणि जुनी-नवी नेटलिस्ट शेजारी ठेवून फरक वाचा. एक कपॅसिटर वाढवला असेल तर फरकात एकच कपॅसिटर दिसला पाहिजे. चाळीस ओळी बदललेल्या दिसल्या तर आयात करू नका, कोडमध्ये परत जा.