प्रवाळ वाचवायला निघालात? आधी या चुका टाळा

समुद्राखाली पांढरेफटक पडलेले प्रवाळ पाहिले की माणूस हळहळतो आणि आपणही काहीतरी करायला हवं असं ठरवतो. ती हळहळ खरी असते, मोलाचीही असते. पण पुढे बहुतेक वेळा होतं ते 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' असंच. प्लास्टिकची स्ट्रॉ सुटते, कापडी पिशवी येते, कुठेतरी देणगी जाते आणि घराचं वर्षभराचं कार्बन उत्सर्जन जिथल्या तिथे राहतं. आज प्रवाळांचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. त्यामुळे कुठलाही उपाय समोर आला की 'याने उत्सर्जन घटतं का, आणि किती?' हे विचारावंच लागतं. ते न विचारल्यामुळे ज्या चुका वारंवार होताना दिसतात, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे.

रोगाचं निदानच चुकतं

प्रवाळ हा प्राणी आहे. बहुतेक जातींमध्ये एकेक जीव काही मिलिमीटरचाच असतो आणि असे हजारो जीव मिळून चुनखडीचा सांगाडा उभारतात. त्यांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा त्यातून भागतो. रंगही बराचसा त्याच्यामुळेच येतो. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा जेमतेम १ अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, त्यातून घातक रेणू तयार होऊ लागतात आणि प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो. मग पारदर्शक ऊतींमधून खालचा सांगाडा पांढरा दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. या अवस्थेत प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ मरतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाचा थर चढतो.

ही उष्णता मोजण्याचं एक एकक आहे, 'डिग्री हीटिंग वीक्स'. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा १ अंश जास्त उष्णता ४ आठवडे राहिली, तर आकडा ४ होतो. साधारण ४ ला लक्षणीय ब्लीचिंग दिसू लागतं आणि ८ च्या पुढे प्रवाळ मरू लागतात. २०२३ च्या उष्णतेनंतर समुद्र आणि हवामानावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेला ही मोजपट्टी अपुरी पडली आणि तिला वरच्या तीन नव्या पातळ्या जोडाव्या लागल्या. त्यांतली सर्वांत वरची २० च्या पुढची आहे. परिस्थिती किती बदलली आहे हे मला तरी याहून नेमकं कुठे दिसत नाही.

एवढं कळलं की 'प्रवाळ मरतात ते सनस्क्रीनमुळे', 'प्लास्टिकमुळे', 'पर्यटकांमुळे' हे निदान अपुरं का आहे ते लक्षात येतं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या अवाढव्य प्रवाळभित्तीवर सर्वांत जबर फटका बसला तो उत्तर भागाला, म्हणजे जिथे माणसांचा वावर कमी आणि पाणी तुलनेने स्वच्छ होतं तिथे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळांना घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा हवाईने २०१८ मध्ये केला आणि तो २०२१ पासून लागू झाला. पोहायला जाताना अंगभर कपडे घालून सनस्क्रीन कमी वापरणं केव्हाही चांगलं, पण त्याने पाणी थंड होत नाही. सांडपाणी, शेतातून वाहून येणारी खतं आणि बेसुमार मासेमारी यांचं महत्त्व वेगळं आहे. त्यांच्यामुळे आधीच अशक्त झालेल्या प्रवाळांना सावरणं जड जातं, म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी त्यासाठी जरूर भांडावं.

'हा सगळा एल निनोचा खेळ आहे' असंही ऐकू येतं. एल निनोच्या काळात, म्हणजे पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा, तडाखा वाढतो हे खरं आहे. पण २०२२ मध्ये ला निना ही त्याच्या उलट स्थिती असताना, म्हणजे पाणी तुलनेने थंड असायला हवं त्या वर्षी, ग्रेट बॅरियर रीफवर मोठं ब्लीचिंग झालं. तापमानाची मूळ पातळीच वर सरकली आहे. वातावरणात अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे.

एकाच बातमीवर मत बनवू नका

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेने सांगितलं की ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर आणि मध्य भागात प्रवाळांचं आच्छादन ३६ वर्षांतलं सर्वाधिक आहे. बातमी खरी होती. 'बघा, उगाच बाऊ करत होते' हा तिचा अर्थ मात्र चूक होता. ती वाढ प्रामुख्याने भराभर वाढणाऱ्या फांदीदार प्रवाळांची होती, आणि उष्णतेत तेच आधी मरतात. २०२४ च्या ब्लीचिंगनंतर २०२५ च्या पाहणीत उत्तर आणि दक्षिण भागांत नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी वार्षिक घट दिसली.

याच्या अगदी उलट चूक मला जास्त धोकादायक वाटते. 'आता सगळं संपलंच आहे, करून काय उपयोग?' आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार, औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत १.५ अंश तापमानवाढीला उष्ण कटिबंधातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि २ अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त. आकडे भयंकर आहेत, पण ते नीट वाचावेत. अर्ध्या अंशाच्या फरकाने दहात एक ते तीन प्रवाळ उरणार, की शंभरात एकही नाही, हे ठरणार आहे. १.५ अंशांची मर्यादा ओलांडली तरी १.६ हे १.८ पेक्षा चांगलंच असणार. दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वी साधारण ०.४५ अंशांनी तापते. हे नातं सरळ रेषेत चालतं, म्हणून टाळलेला प्रत्येक टन हिशेबात धरला जातो, तुमचाही.

घरातला हिशेब उलटा मांडणं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली गफलत म्हणजे जे डोळ्यांना दिसतं त्यालाच मोठं समजणं. चालू राहिलेला दिवा दिसतो, तापलेलं पाणी दिसत नाही. १५ लिटरची बादली घ्या. ते पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास ०.४४ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ ४८ तास जळतो. म्हणजे दोन दिवस विसरून राहिलेला दिवा आणि एक बादली गरम पाणी बरोबरीचे. वीज कोळशावर बनलेली असेल तर एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून आधी तापवणारी आणि गार करणारी उपकरणं पाहावीत: गिझर, हीटर, एसी, फ्रीज. गिझरच्या जागी सौर यंत्रणा किंवा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) बसवता आला, तर पाणी तापवण्याचा खर्च आणि उत्सर्जन दोन्ही बरंच खाली येतं. चार्जर सॉकेटमधून काढायला हरकत नाही, पण त्याने फार फरक पडेल अशी आशा ठेवू नये.

आता एसी. 'दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावा लागतो' हे इतकं सर्रास बोललं जातं की लोकांना ती नेहमीची देखभाल वाटते. तसं नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळलेला गॅस हवेत गेलाय. आर-४१०ए या गॅसचा १ किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे साधारण ९०० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं झालं! वर्षभर बसने ये-जा करून वाचवलेलं सगळं एका गळक्या जॉइंटमधून निघून जाऊ शकतं. म्हणून मेकॅनिक आला की 'गॅस भरा' म्हणायच्या आधी 'लिकेज कुठे आहे ते शोधा' असं म्हणा. जोडांवर साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळती सापडते. ती बंद केल्याशिवाय नवा गॅस भरू देऊ नका. जुना एसी भंगारात देताना आतला गॅस नुसता सोडून न देता सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्यालाच द्या. नवा घेताना लेबलवर गॅसचं नाव बघा. आर-३२ चा परिणाम आर-४१०ए च्या साधारण एक तृतीयांश आहे आणि प्रोपेनवर चालणाऱ्या यंत्रांचा तर नगण्य.

प्रवासात मुख्य प्रश्न किलोमीटरचा असतो. १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ किलो. जाऊन-येऊन १०,००० किलोमीटरचा विमानप्रवास केला, तर इकॉनॉमीत बसलेल्या एका माणसाच्या वाट्याला ढोबळमानाने १ टन येतो. 'प्रवाळ नाहीसे होण्याआधी एकदा पाहून घेऊ' म्हणून दूरच्या बेटांवर जाणाऱ्यांच्या भावना मला समजतात, पण त्या प्रेमाचा भार त्याच पाण्यावर पडतो. जायचंच असेल तर दरवर्षी तीन दिवसांसाठी न जाता बऱ्याच वर्षांतून एकदा जा आणि निवांत राहा. चांगली चालणारी, कमी फिरणारी गाडी काढून घाईने नवी विजेची गाडी घेण्यापेक्षा, पुढची गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा ती विजेची घ्यावी. रोज बरंच अंतर धावणारी गाडी मात्र लवकर बदलली तर फायदा आहे.

खाण्याबाबत लोक 'किती लांबून आलं' एवढंच बघतात. बहुतेक अन्नाच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा लहान असतो. विमानाने आलेला नाशवंत माल हा त्याला अपवाद. पदार्थ कोणता आणि त्यातला किती फेकला, याने जास्त फरक पडतो. गोमांस आणि बकऱ्या-मेंढ्यांचं मांस मिथेनमुळे यादीत सर्वांत वर आहे. जगात वाया जाणाऱ्या अन्नाचा एकूण उत्सर्जनातला वाटा ८ ते १० टक्के धरला जातो.

सगळं केलं, तरी आकडा हलत नाही?

वीजबिलांची तुलना रुपयांत, डॉलरमध्ये करू नका, युनिटमध्ये करा. दर बदलतात, युनिट खरं बोलतात. मागच्या महिन्याशी न ताडता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, नाहीतर ऋतूचा फरक तुम्हाला स्वतःचं यश वाटेल. मीटरचं प्रत्यक्ष वाचन झालंय की अंदाजाने बिल आलंय, तेही बघा. तरीही घट दिसत नसेल तर वापर वाढला आहे का ते तपासा. कमी वीज खाणारा एसी आला म्हणून तो आणखी एका खोलीत आणि दोन तास जास्त चालू राहतो, असं फार घरांत होतं. उपकरण सुधारलं आणि सवय सैलावली की बचत खाऊन जाते.

झाडं लावून फेडू, प्रवाळ लावून भरून काढू

चांगलं वाढलेलं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तर वरचा १ टनाचा विमानप्रवास फेडायला चाळीस-पन्नास झाडांना वर्ष लागेल, आणि आज लावलेलं रोप त्या वयाला यायला आधी बरीच वर्षं जावी लागतील. मध्ये ते वाळलं किंवा जळलं तर हिशेब परत शून्यावर. झाडं जरूर लावा, पण उत्सर्जनाच्या बदल्यात नव्हे. ऑफसेटची, म्हणजे पैसे देऊन आपलं उत्सर्जन दुसरीकडे भरून काढल्याची, पावती घेऊन मोकळं होणाऱ्यांनाही हेच सांगेन.

प्रवाळांचे तुकडे वाढवून पुन्हा समुद्रात लावणाऱ्या रोपवाटिकांचंही तसंच. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या एका उथळ खाडीत पाण्याचं तापमान ३८ अंशांवर नोंदलं गेलं. फ्लोरिडातल्याच सोम्ब्रेरो रीफवर वर्षानुवर्षं खपून लावलेले प्रवाळ काही दिवसांत मेले आणि इतर रोपवाटिकांमधले हजारो प्रवाळ घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवावे लागले. उष्णता सोसणाऱ्या जाती जपण्यासाठी हे काम हवंच, पण पाणी तापतच राहिलं तर लावलेलं टिकणार नाही. देणगी देणाऱ्याने हे लक्षात ठेवून द्यावी.

'माझ्या एकट्याने काय होतं' आणि 'सगळं माझ्यामुळेच'

या दोन्ही टोकांना माणूस हातपाय गाळून बसतो. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एकेका माणसाच्या नावावर उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याची कल्पना, घरोघरी पोहोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हे ठाऊक असावं. ओझं ग्राहकाच्या खांद्यावर गेलं की उत्पादकाकडे कमी लक्ष जातं. म्हणून घरातली जबाबदारी संपत नाही. जगातले सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारणीभूत आहेत. वरचेवर विमानाने फिरणारे, मोठ्या घरात दोन-तीन एसी चालवणारे आपण त्यांत मोडत असू, तर आपला वाटा खारीचा नाही. ज्याच्याकडे मुळात वापरायलाच फारसं नाही, त्याला मात्र बचतीचे धडे देऊ नयेत.

आणि स्वतःच्या दारापाशी थांबू नका. इमारतीचं छत, कार्यालयाच्या प्रवासाचे नियम, शाळेची खरेदी अशा ठिकाणचा एक निर्णय अनेक घरांइतका फरक पाडतो. छतावर सौर पॅनेल बसवणं, एसीच्या देखभाल करारात गळती शोधण्याची अट घालणं, कामाच्या बैठका विमानाऐवजी व्हिडिओवर किंवा रेल्वेने जाऊन घेणं, हे विषय रीतसर मांडता येतात. निवडणुकीच्या वेळी उमेदवाराला कोळसा आणि सार्वजनिक वाहतूक यांबद्दल थेट विचारता येतं. इमारतीच्या बैठकीला जाताना मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि सौर पॅनेलचे दोन लेखी अंदाज सोबत न्या. कागद समोर असले की विषय पुढच्या वर्षावर ढकलणं अवघड होतं.