गायक गेल्यानंतरचा अल्बम कसा ऐकायचा: बॅक इन ब्लॅक, अगदी घंटेपासून

एसी/डीसी या रॉक बँडचा बॅक इन ब्लॅक ऐकायचा तर सगळ्यात आधी शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं लावणारं बटण, बंद करा, बाकीचं मग बोलू. अनुभवानं सांगतोय. कॉलेजात असताना एका मित्रानं मला गाण्यांची सीडी राइट करून दिलेली आणि त्यात गाणी एबीसीडीच्या क्रमानं लागायची, म्हणजे टायटल ट्रॅक (अल्बमच्याच नावाचं गाणं) पहिला, आणि हेल्स बेल्स या गाण्यातली जी घंटा अल्बमच्या तोंडालाच वाजायला हवी ती थेट चौथ्या नंबरला, तीपण दारूच्या गाण्याच्या मागून. दोन वर्षं मी तसंच ऐकलं आणि मला वाटायचं काय भारी पार्टी अल्बम आहे राव. आहेच तो पार्टी अल्बम. पण ही पार्टी कुणाच्या नावानं चाललीये ते घंटा आधी आली तरच कळतं.

मागची गोष्ट थोडक्यात. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये गेला. रात्रभर पिऊन गाडीत झोपला तो उठलाच नाही. वय ३३. जेमतेम सहासात महिन्यांपूर्वी, जुलै १९७९ मध्ये, हायवे टू हेल हा अल्बम आलेला आणि बँड पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं मोठा व्हायला लागलेला. बंद करायचं का हा विचार झाला, पण ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला अंत्यविधी झाला तिथे बॉनच्या आईवडिलांनीच बँडच्या पोरांना थांबू नका म्हणून सांगितलं असं बँडवाले सांगतात. मग गायक म्हणून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आला, बहामाजमधल्या नॅसॉला कंपास पॉइंट स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, आणि २५ जुलै १९८० ला अमेरिकेत अल्बम बाहेर. पाच महिने फक्त. आपल्याकडे वर्षश्राद्धही झालं नसतं तोवर.

(एसी/डीसी हेवी मेटल बँड आहे का यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा, ते स्वतः आम्ही रॉक अँड रोल वाजवतो एवढंच म्हणतात. पण मेटलवाल्या पोरांच्या कपाटात हा अल्बम नाही असं कधी पाहिलं नाही.)

आता तयारी. आदल्या दिवशी हायवे टू हेल पूर्ण ऐका. दोन्हीचा प्रोड्युसर एकच, मट लँग, गिटारवर तेच दोघे यंग भाऊ, अँगस आणि माल्कम, ड्रम आणि बेसवरही तीच माणसं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जो फरक कानाला लागतो तो मुख्यतः गळ्याचा असतो. बॉन गातो म्हणजे पानाच्या टपरीवर उभं राहून डोळा मारत किस्सा सांगितल्यासारखं गातो, शब्दाच्या आधी हसू येतं त्याचं. ब्रायन पहिल्या ओळीपासून टिपेला. दोघांत भारी कोण हा प्रश्न ऐकताना मनात आणू नका, त्यात अख्खा अल्बम वाया जातो. आणि ब्रायनला बॉनची नक्कल करायला कुणी सांगितलेलं नाही हे लक्षात ठेवा, कारण माझ्या मते अर्धी श्रद्धांजली तिथेच आहे, गेलेल्याची जागा तशीच रिकामी ठेवून त्याच्या शेजारी नवीन माणूस उभा केलाय.

एक किस्सा माहीत असू द्या. खूप आधी बॉननं ब्रायनला स्टेजवर पाहिलेलं, जमिनीवर लोळत किंचाळताना, आणि काय कमाल परफॉर्मन्स म्हणून तो बँडमधल्या पोरांना सांगत सुटलेला. ब्रायनच्या सांगण्यानुसार त्या दिवशी त्याचं अपेंडिक्स दुखत होतं.

आता घंटा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका प्लीज, हेडफोन लावा नाहीतर बरा स्पीकर, कारण टोला पडल्यावर जी घुमत राहते ना ती शेपटी फोनवर ऐकूच येत नाही. आवाज थोडा कमीच ठेवा, सुरुवात शांत वाटते म्हणून लोक वाढवतात आणि मग बँड आला की शेजारचे दार वाजवतात. ही खरी घंटा आहे बरं का, इंग्लंडमधल्या लफबरा गावच्या जॉन टेलर फाउंड्रीत बँडसाठी मुद्दाम ओतलेली, २००० पौंडांची म्हणजे ९०० किलोच्या आसपास. आधी त्याच गावातल्या युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातली घंटा रेकॉर्ड करायचा प्रयत्न झाला पण प्रत्येक टोल्याला आतले पक्षी फडफडून उडायचे आणि टेपवर पंखांचाच आवाज. शेवटी फाउंड्रीत जाऊन केलं, आणि टेप निम्म्या वेगानं चालवली म्हणून तो आवाज एवढा खोल, एक सप्तक खाली. टोले मोजा. चार टोल्यांनंतर अँगसची गिटार येते, मग तिच्याबरोबर आणखी नऊ, आणि घंटा विरून जाते. एकूण तेरा.

आता तेरा म्हटल्यावर मराठी माणसाला जे सुचायचं तेच मला सुचलं, तेरावा. त्यांच्या डोक्यात तसं काही नसणार, योगायोगच हा, पण मला ऐकायची किल्ली तिथेच मिळाली. तेराव्याला सुतक संपतं, गोडाचं जेवण होतं, माणसं हसतबोलत जेवतात आणि कुणीतरी मधेच म्हणतं त्याला हे श्रीखंड फार आवडायचं. तेराव्या टोल्यानंतरचा सगळा अल्बम म्हणजे ते जेवण. रडगाणं शोधत बसलात तर एकही सापडणार नाही. गिव्हन द डॉग अ बोनमध्ये तर नाहीच नाही, ते चावट गाणं आहे आणि चावटच ऐकायचं, बॉनला हेच आवडायचं.

सहाव्या गाण्यापाशी थोडं थांबा. रेकॉर्डवर इथे बाजू पलटायची, म्हणजे मधे उठून जायला लागायचं, तुम्हीपण उठा, पाणी प्या. मग टायटल ट्रॅक. ब्रायनला हे गाणं बॉनसाठी लिही म्हणून सांगितलेलं पण अट अशी की रडकं नको, जल्लोष हवा. नव्या माणसासाठी केवढं अवघड काम, ज्याच्या जागी आलास त्याच्यावरच लिही. त्यातल्या रिफमधल्या, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यामधल्या, गॅप ऐका. गिटार तीन ठोके मारते आणि गप्प बसते, मागे फक्त ड्रम चालू. मला त्या गॅप आवाजापेक्षा जास्त वाजतात.

पुढे आठवं गाणं, हॅव अ ड्रिंक ऑन मी, तेच ते दारूचं. पिऊन गेलेल्या माणसाच्या अल्बममध्ये पिण्याचं गाणं, आणि याच्या कच्च्या डेमोवर बॉन स्वतः ड्रमवर बसलेला असं सांगतात. हे मला अजून पचलेलं नाही. कधी वाटतं हिंमत आहे, कधी वाटतं शुद्ध बेफिकिरी. तुमचं तुम्ही ठरवा, पण स्किप करू नका. लिरिक्स बॉनच्या वहीतून उचलले का हा वाद मात्र बाजूला ठेवा, बँड नाही म्हणतो आणि क्रेडिट दोघे यंग आणि जॉन्सन यांचंच आहे.

हे जमलं की गायक गेल्यानंतरचेच पण वेगळ्या पद्धतीचे दोन अल्बम ऐका. स्टॅटिक-एक्स या बँडचा गायक वेन स्टॅटिक २०१४ ला गेला, तर त्यांनी त्याच्या उरलेल्या रेकॉर्डिंगमधला आवाज घेऊन प्रोजेक्ट रिजनरेशन काढला, पहिला भाग २०२० ला आणि दुसरा २०२४ ला, सोबत मुखवटा घातलेला गायक. इथे जागा रिकामी ठेवलेली नाही, गेलेला माणूसच परत उभा केलाय, काहींना भरून येतं, माझ्या अंगावर काटा येतो आणि तो चांगला की वाईट ते कळत नाही. दुसरा ॲलिस इन चेन्स या बँडचा ब्लॅक गिव्हज वे टू ब्लू, २००९ चा, त्यांचा गायक लेन स्टेली गेल्यावर सात वर्षांनी. याचं शेवटचं गाणं रात्री दिवे घालवून ऐका. बँडचा गिटारवाला जेरी कँट्रेल गातो आणि पियानोवर एल्टन जॉन, लेननं आयुष्यात पाहिलेली पहिली कॉन्सर्ट एल्टन जॉनचीच होती म्हणे.

हां, एक राहिलंच, कव्हर. बॅक इन ब्लॅकचं कव्हर शोक म्हणून पूर्ण काळं हवं होतं बँडला, कंपनी अडून बसली म्हणून नावाला बारीक राखाडी कड आली. फोन डार्क मोडवर असेल तर ते कव्हर स्क्रीनमध्ये जवळजवळ गडप होतं आणि मला तरी बऱ्याचदा अंदाजानंच बोट टेकवावं लागतं.