मातकट पिवळा रंग भिंतीवर आणताना

मातकट पिवळा रंग नुसतं शेड कार्ड बघून निवडू नका. माझी पहिली भिंत मी तशीच निवडली होती. कार्डावरचा दोन बोटांचा चौकोन वाळलेल्या गवतासारखा उबदार दिसत होता. भिंतीवर दोन हात मारून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर भिंत शेवाळल्यासारखी हिरवट! त्या खोलीत थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा निळसर उजेड येतो. तो या पिवळ्यावर पडला की रंग हिरव्याकडे झुकतो.

आता मी आधी नमुन्याचा छोटा डबा आणते. दोन-अडीच फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्याला दोन हात देते, पण कडेने चार बोटं जागा पांढरीच सोडते. नाहीतर जुन्या भिंतीचा रंग शेजारी येऊन डोळा फसतो. मग तो पुठ्ठा दोन-तीन दिवस खोलीभर फिरवायचा: खिडकीसमोर, खिडकीच्याच भिंतीला, कोपऱ्यात. कोपरा चुकवू नका. तिथे दोन भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तोच पिवळा आणखी गडद होतो. दिवे लागल्यावर तर बघाच. २७०० केल्विनच्या, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली हा रंग खुलतो, ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र उजेडात मलूल पडतो. माझ्या त्या खोलीला शेवटी किंचित तांबूस झाक असलेली छटा लागली.

हा रंग मुळात मातीचा. पिवळ्या मातीत पाणी धरून ठेवलेलं लोहाचं ऑक्साइड असतं. माती तापवली की ते पाणी उडून जातं आणि ती तांबडी होते. फ्रान्समधल्या लास्को गुहेतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांतही ही पिवळी माती आहे. मातीतल्या या लोहामुळेच विटकरी आणि तपकिरी हे याचे सख्खे भाऊ. उशा, पडदे, लाकूड या रंगांत घ्या, बिनधास्त जमतं. गडद निळा मात्र एकाच वस्तूत ठेवा. माझ्याकडे एक निळी खुर्ची आहे, तिच्यामुळे मागची भिंत उजळून दिसते. छताला निळसर पांढरा देऊ नका, त्याच्याशेजारी हा पिवळा मळका वाटतो. सायीसारखा पांढरा घ्या.

एकच भिंत रंगवा, असा सल्ला सर्रास मिळतो. लहान, कमी उजेडाच्या खोलीत मला तो पटत नाही. तिथे तीन पांढऱ्या भिंतींमध्ये ही एक ठिगळासारखी दिसते. चारही रंगवल्या की खोली कुशीत घेते.

फिनिश मॅटच. चकाकी आली की मातीपण गेलं. फक्त स्विचच्या आसपास हाताचे डाग पडतात, म्हणून धुता येणारं मॅट घ्या.

भिंतीची भोकं पुट्टीनं बुजवून, घासून, धूळ पुसून घ्या. जुना रंग गडद असेल तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, लागतोच. सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर अर्ध्या भिंतीत छटा बदलते. रोलर फिरवताना आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढवा, म्हणजे जोड दिसत नाही. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकट दिसतं, सुकलं की गडद होतं. त्यामुळे पहिला हात देताना रंग चुकला असं वाटलं तरी थांबू नका. दुसरा हात पूर्ण सुकल्यावरच काय ते ठरवा.