घरच्या बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्कची मिरर जोडी कशी लावावी

मिरर म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तंतोतंत तेच लिहिलं जाणं. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत असतं. एवढंच काम मिरर करतो, पण ते चोख करतो. तुम्ही चुकून फोटोंचं फोल्डर उडवलंत, तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून उडतं. खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर दोन्ही प्रती एकदमच कुलूपबंद होतात. म्हणून कॉम्प्युटरमधल्या फाइली तिथून उचलून मिररवर नेऊन ठेवू नका. मूळ फाइली कॉम्प्युटरवरच राहू द्या आणि मिररवर त्यांचा जुन्या आवृत्त्या जपणारा बॅकअप घ्या.

डिस्क घेताना ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या डेटाच्या किमान दुप्पट क्षमता धरा. डेटा दीड टीबी असेल तर 4 टीबीच्या दोन डिस्क लागतील. मिररची क्षमता जोडीतल्या लहान डिस्कएवढीच असते, त्यामुळे एक 4 आणि एक 6 टीबीची घेतली तर वरचे 2 टीबी वाया. खोक्यावर 4 टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये 3.63 टीबी दिसते. ती फसवणूक नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या. शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घ्या. एकाच बॅचच्या, सारखंच काम केलेल्या दोन डिस्क पाठोपाठ जायची भीती असते, आणि मग मिररचा हेतूच हरतो.

अडीच इंची पोर्टेबल डिस्क यूएसबीतूनच वीज घेते, साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. मिररसाठी साडेतीन इंचीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. यूएसबी 3.0 पोर्ट 900 मिलिअँपिअरपर्यंत वीज देतं, यूएसबी 2.0 फक्त 500. बिनअडॅप्टरच्या हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर) दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की वीज अपुरी पडते. डिस्क फिरायला लागते, टक् असा आवाज करून थांबते, पुन्हा फिरते. हा आवाज ऐकू आला तर डिस्क खराब ठरवण्याआधी ती थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावून बघा. शिवाय बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे मोठं लेखन सलग चाललं की वेग कोसळतो आणि मिरर पुन्हा जुळवायला फार वेळ लागतो. मॉडेलच्या माहितीत सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढणारी पद्धत) लिहिलेलं असेल तीच निवडा.

जोडण्याआधी प्रत्येक डिस्कच्या पाठीवरच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे जाड पेनाने चिकटपट्टीवर लिहून दर्शनी बाजूला लावा. पुढे कधी एक डिस्क बिघडल्याचा इशारा आला, तर समोरच्या दोन सारख्या काळ्या डब्यांतला नेमका कोणता काढायचा, हे त्या पट्टीवरूनच कळतं. चुकून चांगली डिस्क काढून पुसली, तर हाती काहीच उरत नाही.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधला मिररचा पर्याय यूएसबी डिस्कवर चालत नाही. त्यासाठी विंडोजमधलंच स्टोरेज स्पेसेस वापरायचं. विंडोज 8 पासून ते आहे. दोन्ही डिस्क कॉम्प्युटरच्या वेगवेगळ्या यूएसबी 3 पोर्टांना लावा. कंट्रोल पॅनेलमध्ये स्टोरेज स्पेसेस उघडून 'क्रिएट अ न्यू पूल अँड स्टोरेज स्पेस' निवडा, फक्त त्या दोन डिस्कवर खूण करा. इथे दोन्ही डिस्क पूर्ण पुसल्या जातात, म्हणून बाकीच्या सगळ्या डिस्क आधीच काढून ठेवलेल्या बऱ्या. पुढच्या पानावर नाव आणि ड्राइव्हचं अक्षर द्या, फाइल सिस्टिम एनटीएफएस आणि रेझिलिअन्सी 'टू-वे मिरर' ठेवा.

त्याच पानावर कमाल आकाराचा रकाना असतो. विंडोज तिथे प्रत्यक्ष जागेपेक्षा मोठा आकडाही स्वीकारतं. ही सोय नंतर डिस्क वाढवणाऱ्यांसाठी आहे, घरी तिच्या नादी लागू नका. खरी जागा संपली की ड्राइव्ह अर्ध्या कामात ऑफलाइन जातो, वर दाखवलेली रिकामी जागा मात्र तशीच दिसत असते. विंडोजने सुचवलेला आकडा तसाच राहू द्या. तयार झाल्यावर खालच्या यादीत प्रत्येक डिस्कसमोरच्या 'रीनेम'मध्ये पट्टीवरचेच चार आकडे टाका.

आता खरा डेटा भरण्याआधी चाचणी. चार-पाच जीबीच्या फाइली मिररवर टाका, कॉपी संपू द्या, मग एका डिस्कची केबल काढा. स्टोरेज स्पेसेसमध्ये इशारा दिसला पाहिजे आणि फाइली उघडल्या पाहिजेत. एक व्हिडिओ मधूनच चालवून बघा. मग कॉम्प्युटर बंद करून मिररची ती एकच डिस्क जोडलेली ठेवून सुरू करा आणि पुन्हा बघा. केबल परत लावल्यावर दुरुस्ती बहुतेक वेळा आपोआप सुरू होते; ती संपेपर्यंत थांबा. हीच कसरत दुसरी डिस्क काढून करा. ज्याची ही चाचणी झाली नाही त्या मिररवर विसंबू नये.

बॅकअपसाठी कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल हिस्टरीला हाच ड्राइव्ह निवडून द्या. ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते. आवृत्त्या कायम ठेवण्याची मूळ सेटिंग बदलून 'अनटिल स्पेस इज नीडेड' करा, नाहीतर ड्राइव्ह भरून बॅकअप बंद पडतो. फाइल हिस्टरी लायब्ररी (विंडोजमधले डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे गट), डेस्कटॉप अशी ठरावीक फोल्डरच घेते. डी ड्राइव्हवर ठेवलेलं फोल्डर आधी लायब्ररीत सामील करावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेकांचं राहून जातं.

घरच्या मिररमध्ये सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे एक डिस्क क्षणभर नाहीशी होणं. डिस्क धडधाकट असते, पण सैल केबल, हब किंवा वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे जोडणी तुटते आणि मिरर अर्धवट ठरतो. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ 'नेव्हर' करा. केबल आखूड ठेवा आणि डिस्कसोबत आलेलीच वापरा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये सीआरसी एररचा (डेटा नेताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर संशय आधी जोडणीवर घ्या. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा) वाढत असेल तर ती डिस्कच बदलायला झाली. काही डब्यांतली यूएसबी चिप हे आकडे पुढे पाठवतच नाही, घेतल्या दिवशीच ते दिसतात का हे तपासा.

मॅकवर डिस्क युटिलिटीच्या फाइल मेनूत रेड असिस्टंट आहे (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत). मॅकच्या एल कॅपिटन आवृत्तीत 2015 साली ती सोय काढली होती, 2016 च्या सिएरा आवृत्तीपासून परत आली. मिरर्ड निवडा, दोन्ही डिस्कवर खूण करा, आपोआप पुनर्बांधणीचा पर्याय चालू ठेवा आणि तयार झालेला ड्राइव्ह टाइम मशीन या मॅकच्याच बॅकअप प्रोग्रामला द्या. ते चोवीस तासांच्या तासातासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्यांच्या प्रती जागा असेपर्यंत ठेवतं. विंडोजचा मिरर मॅकवर उघडत नाही, मॅकचा विंडोजवर नाही.

दोन डिस्क बसणारा तयार डबा घेतलात तर मिररिंग डबाच करतो, मागचं बटण किंवा स्विच रेड 1 वर, म्हणजे मिररवर, ठेवलं की झालं. पण तो डबा बिघडल्यावर त्यातली डिस्क साध्या केबलने वाचता येईलच असं नाही, तेही पहिल्याच दिवशी करून बघा.

डिस्क बदलायची वेळ आली तर 4 टीबीची डिस्क 150 एमबी प्रतिसेकंद वेगाने पूर्ण भरायला साडेसात तास लागतात, यूएसबी 2.0 वर तीस तासांच्या आसपास. या काळात तुमच्याकडे एकच बॅकअप असतो आणि त्याच डिस्कवर सगळा ताण पडतो. म्हणून एक तिसरी साधी डिस्क ठेवा. तिच्यावर महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फाइली कॉपी करा, केबल काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. विजेचा झटका आला किंवा चोरी झाली तर मिररच्या दोन्ही डिस्क एकाच टेबलावरून जातात. मिररची पुनर्बांधणी सुरू करण्याआधी ही तिसरी डिस्क ताजी करून घ्या, बदली डिस्क त्यानंतर लावा.