उबदार, मसालेदार परफ्यूमची निवड कशी करावी

उबदार, मसालेदार परफ्यूमची खरी ओळख पहिल्या फवाऱ्यात होत नाही; ते अंगावर तीन-चार तास मुरल्यानंतरच होते. सुरुवातीचा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा किंवा संत्र्याचा तजेला थोड्याच वेळात विरतो, मग लवंग, दालचिनी, वेलदोडा, जायफळ पुढे येतात, आणि शेवटी व्हॅनिला, टोंका (व्हॅनिलासारख्या गोड गंधाची बी), चंदन व निरनिराळ्या राळांचा गंध त्वचेवर रेंगाळतो. हे तळाचे घटक सावकाश उडतात आणि दिवसभर सोबत तेच राहतात, त्यामुळे या प्रकारात निकाल त्यांच्यावरूनच द्यावा.

शोध घेण्यापूर्वी नावांचा घोळ समजून घेतलेला बरा. या कुळाला पूर्वी सर्रास ‘ओरिएंटल’ म्हटले जात असे. सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये त्याऐवजी ‘अँबर’ हा शब्द स्वीकारला, त्यामुळे आज एकाच जातीची परफ्यूम दोन्ही नावांखाली सापडतात. हा अँबर म्हणजे दागिन्यांतली पिवळी राळ नव्हे, तर लॅबडॅनम व बेन्झॉइन या सुगंधी राळा आणि व्हॅनिला यांच्या मेळातून साधलेला गोडसर, उबदार गंध होय.

आपल्याला गोडवा हवा आहे की मसाला, हे ठरवण्यासाठी दोन जुनी परफ्यूम एकमेकांशेजारी हुंगून पाहावीत. गेर्लँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या ‘शालिमार’मध्ये (१९२५) बर्गमॉटखाली व्हॅनिलाचा भरगच्च थर आहे, तर इव्ह सें लोराँ या फ्रेंच फॅशन कंपनीच्या ‘ओपियम’ची (१९७७) ख्याती लवंगेसारख्या मसाल्यांमुळे आणि राळांमुळे झाली. दोन्हींची घडण काळानुसार बदलली आहे, तरी दिशा कळायला ती पुरेशी आहेत. माझ्या मते नवख्याने गोडव्याच्या बाजूने सुरुवात करावी, कारण लवंगेतील युजेनॉल जरा वरचढ झाले की थेट दंतवैद्याच्या खुर्चीची आठवण येते.

प्राथमिक चाळणीसाठी कागदी पट्टी ठीक आहे, पण अंतिम निवड त्वचेवरच करावी. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरे, एवढेच एका दिवसात पुरे. त्याहून अधिक गंध घेतल्यास नाक थकते आणि सगळेच सारखे भासू लागते. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. लावल्यानंतर लगेच, तासाभराने आणि संध्याकाळी असे तीनदा हुंगून दोन शब्दांची नोंद ठेवावी: ‘औषधी’, ‘धुरकट’, ‘चामड्यासारखा’, जे सुचेल ते. संध्याकाळची नोंद सर्वांत महत्त्वाची मानावी.

त्वचा संवेदनशील असल्यास वेष्टनावरील घटकांची यादी अवश्य वाचावी, कारण युजेनॉल, दालचिनीतील सिनामल आणि टोंकामधील कुमरिन यांची काहींना ॲलर्जी असते.

बाटलीवर लिहिलेल्या ‘ओ द तोयलेत’ आणि ‘ओ द पार्फम’ या दोन प्रकारांत सुगंधी अर्काचे प्रमाण साधारणपणे दुसऱ्यात जास्त असते. मात्र एकाच नावाच्या या दोन आवृत्त्यांची घडणही पुष्कळदा वेगळी असते, तेव्हा एक आवडली म्हणून दुसरी न हुंगता घेऊ नये.

उष्ण हवेत गंध झपाट्याने पसरतो आणि व्हॅनिलाचा गोडवा अंगावर येतो, म्हणून थंडीत दोन फवारे शोभत असतील तर उकाड्यात एकच, तोही कपड्यांच्या आत झाकलेल्या त्वचेवर मारावा. मोठी बाटली घेण्याआधी लहान कुपी आणून ती गार आणि गरम अशा दोन्ही दिवसांत वापरून पाहावी.