जुना कॉम्प्युटर दुरुस्त करताय? या चुका टाळा

कित्येक वर्षं बंद असलेला कॉम्प्युटर हाती आला की आधी बटण दाबून बघायचा मोह होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वीज देण्याआधी केस उघडा आणि टॉर्च मारून मदरबोर्ड नीट बघा.

३८६, ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि त्यातलं अल्कली बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हळूहळू खातं. निळसर-हिरवा थर दिसला तर हातमोजे घालून ती बॅटरी कापून काढा. तिथे पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. त्यानंतर मल्टिमीटरने एकेक रेघ तपासा, कारण वरून शाबूत दिसणारी रेघसुद्धा तुटलेली असू शकते. बॅटरी अजून गळली नसेल तरी काढाच.

२००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांचं दुखणं वेगळं. मशीन मधेच हँग होतं, आपोआप रीस्टार्ट होतं. लोक रॅम बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात, आणि प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे गोल डबे) डोकं फुगवून समोरच बसलेले असतात. बदलताना मायक्रोफॅरड (क्षमतेचा आकडा) तेवढेच घ्या. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. प्लस-मायनस उलटं लागलं तर नवा कपॅसिटर फुटतो.

आता जिवाशी खेळ होतो त्या दोन जागा. पॉवर सप्लायचा प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये तर २० हजार व्होल्टच्या वरचा मामला असतो. शिकलेला माणूस शेजारी नसेल तर ही दोन्ही खोकी उघडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एटी या जुन्या पद्धतीच्या केसमध्ये समोरच्या स्विचपर्यंत थेट मेन्सची वीज आलेली असते, हेही ध्यानात ठेवा. आणि त्याच एटी बोर्डाला पॉवरचे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींशेजारी यायला हव्यात. उलट लावले तर बोर्ड जळतो.

हार्ड डिस्कबाबत घाई झाली तर भरून निघत नाही. एका घरातल्या जुन्या फोटोंची डिस्क मी आधी बाहेर काढायला हवी होती. त्याऐवजी मशीन चार-पाच वेळा चालू-बंद करून बघत राहिलो. शेवटच्या वेळी टकटक आवाज आला आणि फोटो गेले. ते अजून मनाला लागतं. म्हणून आता डिस्क आधी काढतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तिची पूर्ण प्रत घेतो, मगच दुरुस्ती. टकटक ऐकू आली तर तिथल्या तिथे वीज बंद करा.

आयडीई डिस्क (रुंद पट्टीसारख्या केबलने जोडायची जुनी हार्ड डिस्क) कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर ती मेली असं समजू नका. आधी मास्टर-स्लेव्हचे जंपर (एका केबलवरची पहिली डिस्क कुठली, दुसरी कुठली हे ठरवणाऱ्या पिनांवरच्या छोट्या टोप्या) बघा, मग केबलची लाल कड पिन १ कडे आहे का ते बघा. नवी मोठी डिस्क फक्त १३७ जीबी दिसते? ती मर्यादा जुन्या बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची), डिस्क चांगली आहे.

तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, आणि लोक उगाच नेटवर्क कार्ड खोलून बसतात.